तक्रार खिडकीतून सायकलवर

माझी आत्या अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा सायकलवर बसली आणि पाचव्या सेकंदाला उतरली. उतरली म्हणजे सायकल डावीकडे गेली आणि आत्या उजवीकडे. मी मागून कॅरियर धरला होता, तो तेवढा माझ्या हातात राहिला. आत्याने बसल्या जागी कपडे झटकले, आडव्या पडलेल्या सायकलकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "हिला सरकारी नोकरी नक्की मिळेल. काम सांगितलं की अंग काढून घेते."

हे बोलायचा तिला पूर्ण अधिकार होता. महापालिकेच्या तक्रार खिडकीवर तिने तीस वर्षं काढली होती. तळमजला, खिडकी क्रमांक तीन. समोरून कागद यायचा, ती तो वाचायची, त्यावर 'नोंद घेतली' असा शिक्का मारायची आणि मागच्या लाकडी फळीवरच्या खणात टाकायची. खण सहा होते. पाणी, गटार, दिवे, कचरा, कुत्री आणि इतर. 'इतर'चा खण सगळ्यांत फुगलेला असायचा, कारण जी तक्रार कुणालाच नको असायची ती तिथे जायची. खणांच्या पुढे त्या कागदांचं काय व्हायचं हे विचारायची त्या कचेरीत पद्धत नव्हती.

निरोपसमारंभाच्या आधी साहेबांनी तिला विचारलं, "बाई, तुम्हाला भेट काय देऊ?" आत्याच्या मागे त्या दिवशी नव्वद कागदांचा ढीग होता. ती मान वर न करता म्हणाली, "सायकल द्या. निदान इथून पळून तरी जाता येईल." तीस वर्षांत त्या कचेरीने एकही म्हणणं शब्दशः मनावर घेतलं नव्हतं. नेमकं हे घेतलं. हिरवी, पुढे टोपली असलेली, घंटी वाजणारी नवीकोरी सायकल साहेबांनी टाळ्यांच्या गजरात तिच्या हवाली केली आणि आत्या ती हाताने ढकलत चार किलोमीटर घरी आली.

आत्या आमच्याच इमारतीत, आमच्या डोक्यावर दोन खोल्यांत एकटी राहते. लग्न तिने केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर म्हणते, "अर्ज आले होते. इतरमध्ये टाकले." माझे बाबा तिचे धाकटे भाऊ. जिन्याखाली लावलेली सायकल पाहून ते म्हणाले, "ताई, विकून टाक. हाडं मोडून घेशील, मग उठबस मला करावी लागेल."

"तू माझी उठबस करणार? तुझा स्वतःचा मोजा तुला सापडत नाही." एवढं बोलून तिने मला हाक मारली. म्हणजे ठरलं.

आमच्या मागे बंद पडलेल्या गोदामाचं अंगण होतं. तिथे रोज सकाळी आम्ही एकोणीस दिवस घालवले. ती भिंतीवर आपटली, झुडपात गेली, एकदा तर नुसत्या उभ्या सायकलवरून पडली, जे मी आजवर दुसऱ्या कुणाला जमलेलं पाहिलं नाही. विसाव्या दिवशी तिने अंगणाला दोन फेऱ्या मारल्या आणि मला म्हणाली, "आता सोड." मी तिला सोडून बराच वेळ झाला होता.

एक गोष्ट मात्र तिला कधीच जमली नाही. हँडलवरून एक हात काढला की ती पडायची. त्यामुळे वळताना ती हात दाखवत नसे. तोंडाने ओरडायची, "डावीकडे जातेय हो!" आणि अख्खा रस्ता बाजूला व्हायचा.

"आता जाणार कुठे?" मी विचारलं.

"तीस वर्षं मी हे शहर वाचलं," आत्या म्हणाली. "बघितलं कुठे? घर, बस, खिडकी. मला कुठल्या गल्लीत कुठला नळ गळतो ते ठाऊक आहे, पण ती गल्ली दिसते कशी ते नाही."

म्हणून मी दोघींची नावं एका सायकल सफरीत घातली. जाहिरात अशी होती: शहराची निवांत सफर, बारा किलोमीटर, तीन तास, दमणूक अजिबात नाही. रविवारी सकाळी साडेसातला नदीकाठी आम्ही अठरा जण जमलो. सफर चालवणारी बाई पंचेचाळिशीची, दणकट, पूर्वी शाळेत खेळ शिकवणारी. गळ्यात शिट्टी, कमरेला पाना, आणि सगळे तिला कॅप्टन म्हणत. तिने आम्हाला हेल्मेटं आणि नारिंगी चकाकती जाकिटं दिली आणि आमचा ताबा गाइडकडे दिला. तिशीचा, गुळगुळीत दाढी केलेला माणूस. छातीवर बारीक माइक, पोटात पाठ केलेली माहिती.

पहिला थांबा टॉवरचं घड्याळ. गाइड म्हणाला, "गेली शंभर वर्षं हे घड्याळ शहराला अचूक वेळ सांगत आलं आहे."

"नाही हो," मागून आवाज आला. मी मागे वळून पाहिलं नाही, कारण तो आवाज ओळखीचा होता. "मध्ये अकरा वर्षं बंद होतं. चार वाजून दहा मिनिटांवर. चारशे बावीस पत्रं आली होती. एका माणसाने लिहिलं होतं की, या घड्याळावर विसंबून मी लग्नाला उशिरा पोचलो, आणि लग्न माझंच होतं."

लोक हसले. गाइडही हसला, तोंडदेखलं.

दुसरा थांबा कुणा थोर पुरुषाचा पुतळा. गाइड म्हणाला, "त्यांचा उजवा हात भविष्याकडे बोट दाखवतो."

"आधी नदीकडे दाखवायचा," आत्या म्हणाली. "रस्ता रुंद केला तेव्हा चौथरा फिरवला. आता नीट बघा बोट कुठे जातंय." अठरा माना बोटाच्या रेषेत वळल्या. समोर सार्वजनिक शौचालय होतं. "त्यांच्या नातवाने कडक पत्र लिहिलं होतं. त्याच आठवड्यात एका परगावच्या माणसाचंही आलं, की या शहराने पाहुण्यांची फार छान सोय केली आहे."

तिसऱ्या थांब्यापर्यंत लोक गाइडला सोडून आत्याच्या सायकलभोवती उभे राहायला लागले. पाचव्या थांब्यावर गाइडने माइक काढून खिशात ठेवला. सफर संपल्यावर कॅप्टनने आत्याला बाजूला घेतलं.

"बाई, तुम्ही माझा माणूस रडकुंडीला आणलात."

"चूक झाली. पण त्याने घड्याळाबद्दल खोटं—"

"तो आत्ताच नोकरी सोडून गेला. पुढच्या रविवारी कोण बोलणार?" कॅप्टनने शिट्टी गळ्यातून काढून तिच्यापुढे धरली. "लोक विचारतायत, त्या बाई कधी असतात?"

आत्याने शिट्टी घेतली नाही. "तोंडात शिट्टी धरली तर वळताना ओरडू कशी?" एवढीच तिची अट होती.

आणि अशी आमची आत्या गाइड झाली. सफर आपोआपच निवांत झाली, कारण आत्याला सायकल जोरात चालवता येत नव्हती. पायी चालणारी माणसं आम्हाला ओलांडून जायची. पण आधीपेक्षा दुप्पट लोक यायला लागले. ती त्यांना राजवाडा दाखवत नसे. ती त्यांना एका साध्या गल्लीत न्यायची आणि म्हणायची, "या पिवळ्या घरातल्या बाईंनी लिहिलं होतं: तपकिरी कुत्रा, डावा कान तुटका, स्वभाव उद्धट, ताबडतोब उचलावा. पंधरा दिवसांनी त्याच बाईंचं दुसरं पत्र. मागील तक्रार रद्द समजावी, कुत्रा आता आमचा आहे. आणि महिन्याने शेजारच्या निळ्या घरातून तिसरं. तपकिरी कुत्रा, डावा कान तुटका."

पण सगळ्यांत जास्त हशा मिळायचा तो सफरीच्या शेवटच्या थांब्यावर, छापखान्याच्या मागच्या बोळात. तिथे दुमजली घरापुढे रस्त्याचा एक दिवा होता. खांब क्रमांक दोनशे सहा. त्या घरातला माणूस एकवीस वर्षं त्या एकाच दिव्याबद्दल लिहीत आला होता. कचेरीत त्याचं नाव दिवाकर पडलं होतं. पहिली नऊ वर्षं त्याची तक्रार अशी की, दिवा लागत नाही. मग महापालिकेने तिथे मोठा झगझगीत दिवा लावला. दिवाकरचं पत्र पुढच्याच आठवड्यात हजर. दिवा फार लागतो. पुढची बारा वर्षं तो एकच मागत होता, दिव्याला खिडकीच्या बाजूने झाकण बसवा.

आणि पत्रं तरी कशी! कचेरीतून उत्तर गेलं की तो त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने सुधारून ते परत पाठवायचा. दिवे खात्याच्या साहेबाला एका उत्तरात तेवीस लाल खुणा मिळाल्या, तेव्हा त्याने फर्मान काढलं की याचे कागद यापुढे माझ्याकडे नकोत. तेव्हापासून दिवाकर 'इतर'मध्ये गेला.

आत्या खांबाला सायकल टेकवायची, घसा साफ करायची आणि पाठ म्हणायची: "महोदय, आपण जन्मतः आंधळे आहात, की नोकरीत लागल्यावर झालात? पहिलं असल्यास मी क्षमा मागतो. दुसरं असल्यास दिव्याची गरज आपल्याला माझ्यापेक्षा अधिक आहे." चाळीस माणसं खांबाखाली पोट धरून हसायची. मीही हसायचे.

असे पाच-सहा महिने गेले. मग एका मंगळवारी आत्याचा फोन वाजला. तिच्या जागी खिडकीवर आलेला कारकून बोलत होता. तो चांगला माणूस होता, पण त्याचा आवाज चोरटा येत होता.

"बाई, एक तक्रार आलीय. कुठल्या खणात टाकू कळत नाही. तुमच्याबद्दल आहे."

"वाच."

त्याने वाचली. "दर रविवारी सकाळी सव्वादहा वाजता सुमारे चाळीस हेल्मेटधारी इसम माझ्या खिडकीखाली उभे राहून मला हसतात. त्यांच्या म्होरक्या बाईंना माझ्या पत्रांतली वाक्यं तोंडपाठ आहेत. ती पत्रं मी महापालिकेला लिहिली होती, जत्थ्याला नव्हे. ती बाईंच्या हाती कशी लागली याचा खुलासा व्हावा, आणि सफरीचा परवाना तपासला जावा."

आत्याने फोन ठेवला आणि स्टूलवर बसली. बाबा मात्र खूश झाले. "शेवटी तुझ्यावर आली! तीस वर्षं दुसऱ्यांवरच्या घेत होतीस."

"गप बस रे," आत्या म्हणाली. तिने त्यांना उलट टोला मारला नाही, यावरूनच मला कळलं की लागलंय.

कॅप्टन धावत आली. तिचं म्हणणं होतं की महिनाभर त्या बोळात जायचंच नाही, प्रकरण थंड होईल. "आणि समजा कुणी विचारलंच, तर म्हणायचं, आम्ही गोष्ट सांगतो, काल्पनिक आहे."

"काल्पनिक काय? माणूस खिडकीत उभा आहे," आत्या म्हणाली. "इतके दिवस मी वर एकदाही बघितलं नाही. कागद वाचायची सवय. कागदाला तोंड नसतं." ती उठली, हेल्मेट चढवलं. "मी जाऊन येते."

मी तिच्याबरोबर गेले, कारण ती विचारात असली की सायकल भिंतीकडे ओढली जाते.

दार उघडलं ते एका बुटक्या, चौऱ्याहत्तरीच्या म्हाताऱ्याने. कानावर लाल पेन्सिल. छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासून निवृत्त झालेला हा माणूस, हे मागाहून कळलं, पण पेन्सिल बघून अंदाज आलाच होता. त्याने आत्याच्या हेल्मेटकडे पाहिलं.

"आपण त्या."

"मी ती," आत्या म्हणाली. "खुलासा द्यायला आलेय. तक्रार खिडकीवर तीस वर्षं मी होते. तुमचं प्रत्येक पत्र माझ्या हातातून गेलं."

"गेलं कुठे?"

मला वाटलं आत्या काहीतरी गोलमाल बोलेल. तिने तसं केलं नाही. "सुरुवातीची दिवे खात्यात गेली. मग साहेब चिडले, तेव्हापासून इतरमध्ये. इतरचा खण वर्षातून एकदा तळघरात रिकामा करतात. तिथे उंदीर आहेत. उंदरांबद्दलही एक पत्र होतं, तेही तिथेच आहे."

म्हातारा दाराला हात लावून उभा राहिला. मला वाटलं आता दार आमच्या नाकावर आपटणार.

"म्हणजे कुणी वाचलीच नाहीत," तो म्हणाला.

"मी वाचली. सगळी. दुपारच्या डब्याबरोबर. बाकीची पत्रं मी शिक्क्यासाठी वाचायचे, तुमची राखून ठेवायचे."

मग म्हाताऱ्याने वेगळाच प्रश्न विचारला. "सातव्या वर्षी, नोव्हेंबरच्या पत्रात 'दीर्घ' या शब्दाची वेलांटी ऱ्हस्व पडली होती. लक्षात आलं होतं?"

"आलं होतं," आत्या म्हणाली.

"कार्बन प्रत बघितल्यावर कळलं. मला आठवडाभर अन्न गोड लागलं नाही."

"मी पेनाने दुरुस्त केली होती. शिक्का मारायच्या आधी."

म्हातारा दारातून बाजूला झाला. "या आत."

आतली खोली लहान, स्वच्छ, कागदाच्या वासाची. खिडकीला जाड पडदा आणि पडद्यावर आणखी एक चादर शिवलेली, दिव्यासाठी. खिडकीपाशी खुर्चीत त्याची बायको बसली होती. उंच, रुंद खांद्यांची, कानाला यंत्र लावलेली. आम्ही कोण हे नवऱ्याने मोठ्याने सांगितलं, तर ती दोन्ही हात पसरून म्हणाली, "अय्या, त्याच का? बसा, बसा! दर रविवारी मी तुमच्या त्या आंधळ्यांच्या वाक्याची वाट बघत असते."

म्हाताऱ्याचं तोंड उघडंच राहिलं. "तू ऐकतेस?"

"यंत्राचा आवाज पूर्ण चढवून. पडद्यामागे." मग ती आमच्याकडे वळली. "एकवीस वर्षं हे टेबलाशी बसून खरडतायत. मी विचारलं की म्हणायचे, कामाचं आहे. एक ओळ दाखवली नाही कधी. मला वाटायचं रटाळ काहीतरी असेल. तुमच्या तोंडून ऐकलं तेव्हा कळलं, हा माणूस विनोदी आहे! घरात मला एवढ्या वर्षांत एकदा हसवलं असेल तर शपथ."

"मी विनोद केलेला नाही," म्हातारा कळवळून म्हणाला. "मी गंभीरपणे लिहिलं होतं."

"म्हणून तर," बायको म्हणाली.

मग दिव्याची गोष्ट तिच्याकडूनच कळली. ती दवाखान्याची फिरती नर्स होती, घरोघर जाऊन इंजेक्शनं, मलमपट्ट्या करणारी. पहाटे पाचला बाहेर पडायची. दिवा बंद, बोळात अंधार. एक दिवस उघड्या नालीत पाय गेला आणि घोटा मोडला. पहिलं पत्र त्या संध्याकाळचं. नऊ वर्षांनी दिवा लागला तो असा, की पहाटे उठायचं म्हणून संध्याकाळीच आडव्या होणाऱ्या या बाईच्या डोळ्यांवर रात्रभर उन्हासारखा उजेड. दुसरी पत्रं त्यासाठी. दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या. दोन्ही एकाच माणसाने एकाच बाईसाठी लिहिल्या होत्या, आणि पत्रांत तिचा उल्लेख एकदाही नव्हता.

"लिहायचं होतं ना तसं," आत्या म्हणाली.

"बायकोची झोप हा काय महापालिकेचा विषय आहे?" म्हातारा म्हणाला.

आत्याने चहाचा कप खाली ठेवला. "मी तुमच्यावर लोकांना हसवलं. ते चुकलं. रविवारपासून बंद."

"बंद कशाला?" बायको ओरडली.

म्हाताऱ्याने कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली. "बंद करू नका. पण दोन गोष्टी आहेत. एक, मी 'आंधळे' लिहिलेलं नाही. 'दृष्टिहीन' लिहिलं आहे. दुसरी, 'गरज' नव्हे, 'आवश्यकता'. पाठ म्हणायचं तर मुळाबरहुकूम."

आत्याने मान डोलावली. तक्रार मागे घेतल्याचं पत्र त्याने आमच्यासमोरच लिहिलं, दोनदा तपासलं आणि कार्बन प्रत फाइलला लावली.

खाली आलो तर आत्या सायकलवर बसेना. खांबाकडे मान वर करून बघत राहिली. "एवढंसं झाकण," ती म्हणाली. "पत्र्याचा एक तुकडा. बारा वर्षं."

पुढच्या गुरुवारी भर दुपारी आम्ही चौघं त्या खांबाखाली होतो. आत्या, मी, कॅप्टन आणि म्हातारा. नर्सबाई वरून खिडकीतून सूचना देत होत्या. कॅप्टनने जुन्या सायकलींचे दोन मडगार्ड कापून, वाकवून, काळा रंग देऊन झकास झाकण तयार केलं होतं. शिडी तिची, पाना तिचा. हे असं परस्पर करणं बेकायदा आहे, हे म्हाताऱ्याने तीनदा कलमासकट सांगितलं आणि शिडी घट्ट धरून ठेवली. ओळखू येऊ नये म्हणून आत्याने सगळ्यांना तोंडं लपवायला हेल्मेटं दिली, आणि कॅप्टनच्या सांगण्यावरून रस्त्यावरच्या गाड्यांनी उडवू नये म्हणून नारिंगी जाकिटं.

त्या जाकिटांनी घोळ केला. कॅप्टन शिडीवर चढून पाच मिनिटं झाली नाहीत, तोच समोरच्या घरातून एक गृहस्थ चपला फटफटवत आले. "आलात एकदाचे! आमच्याकडचं गटार कधी बघणार?" त्यांच्या मागून एक बाई पाण्याची तक्रार घेऊन. मग शिंपी, मग किराणावाला. दहा मिनिटांत खांबाभोवती रांग लागली. नारिंगी जाकीट, हेल्मेट, शिडी. म्हणजे महापालिका, याबद्दल त्या बोळात कुणाला शंका नव्हती.

मी आत्याच्या कानात म्हणाले, "पळूया."

पण आत्याचे डोळे चमकत होते. तिने टोपलीतून वही काढली, सायकलची सीट टेबलासारखी पुढे घेतली आणि म्हणाली, "एकेक जण या. नाव, घर क्रमांक, तक्रार. थोडक्यात सांगा, रामकहाणी नको." म्हातारा शिडी माझ्या हातात देऊन तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. तिने लिहिलं की तो वाचायचा, "'दुर्गंधी'वर रफार द्या," असं पुटपुटायचा आणि ती द्यायची.

तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी महापालिकेची खरीखुरी जीप येऊन उभी राहिली. मी शिडी आणखी घट्ट धरली. आतल्या साहेबाने काच खाली केली, आमच्याकडे पाहिलं, शिडीवरच्या कॅप्टनकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं.

"कुठलं खातं?" त्याने विचारलं.

"इतर," आत्या म्हणाली.

साहेबाने समजल्यासारखी मान हलवली. "चालू द्या," म्हणाला आणि जीप गेली.

झाकण बसलं. संध्याकाळी दिवा लागला तेव्हा उजेड रस्त्यावर पडला, पायरीवर पडला आणि खिडकीपासून दोन वीत लांब थांबला. नर्सबाईंनी पडद्यावरची चादर उसवून काढली.

आत्याने वहीतल्या सत्तावीस तक्रारी घरी नेल्या आणि स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहून काढल्या. दुसऱ्या दिवशी ती महापालिकेत गेली आणि तीस वर्षांत पहिल्यांदा खिडकी क्रमांक तीनच्या बाहेरच्या बाजूला रांगेत उभी राहिली. कारकुनाने शिक्का उचलला तेव्हा तिने त्याचा हात धरला. "शिक्का नंतर. आधी जिन्याने वर जा, ज्याच्या त्याच्या टेबलावर ठेव, आणि तो वाचेपर्यंत तिथे उभा राहा. मी थांबते." ती सव्वातीन तास बाकावर थांबली. सत्तावीसपैकी नऊ कामं झाली. आत्या म्हणते, नऊ म्हणजे तिच्या अख्ख्या नोकरीपेक्षा जास्त असतील. तिने केलं असतं तर तेव्हाही झालं असतं, हेही म्हणते, पण ते फक्त माझ्याजवळ.

रविवारच्या सफरीत म्हाताऱ्याने एकदा स्वतःची पत्रं स्वतः वाचून पाहिली. जावक क्रमांक, दिनांक, संदर्भ, सगळं सुरुवातीपासून. दुसऱ्या पानावर लोक फोन बघायला लागले आणि एक मूल झोपलं. तेव्हापासून वाचते आत्या आणि तो शेजारी उभा राहून चुका काढतो. लोक त्यालाच जास्त हसतात. आता त्याचं त्याला काही वाटत नाही, निदान खिडकीत बायको असते तोवर.

गेल्या महिन्यात मात्र बायको खिडकीत नव्हती. कॅप्टनने तिच्यासाठी तीन चाकांची सायकल जोडून दिली होती, मागे रुंद सीट. नर्सबाई जाकीट घालून आमच्या रांगेत पुढे येऊन उभ्या राहिल्या. आत्याला म्हणाल्या, "तुम्ही या लोकांची पत्रं वाचलीत. मी चौतीस वर्षं यांना इंजेक्शनं दिली आहेत. थोडं मलाही बोलू द्या."

"बोला की," आत्या म्हणाली.

नर्सबाईंनी कोपऱ्यावरच्या चार मजली इमारतीकडे हात केला. पुढच्या गॅलरीत एक रुबाबदार वयस्क गृहस्थ वर्तमानपत्र वाचत उभे होते.

"या इमारतीतल्या एकूण एक पुरुषाला मी मागून ओळखते," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, कारण यंत्रामुळे त्यांना आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. "आणि तिसऱ्या मजल्यावरचे हे गृहस्थ, सुई बघितली की आधी आईला हाक मारायचे आणि मग मला बाहेर जायला सांगायचे."

गॅलरीतलं वर्तमानपत्र हळूच वर सरकलं. आत्याने दोन्ही हात हँडलवर घट्ट धरले होते, तरी हसता हसता सायकलसकट आडवी झाली.